शिक्षकांना काय शिकवावे, म्हणजे मुले सावरतील?

मराठवाड्यातील एका कोरडवाहू तालुक्यात केंद्रप्रमुख म्हणून काम करणाऱ्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या केंद्रात जिल्हा परिषदेच्या 14 प्राथमिक शाळा असून त्यांतील बहुतेक द्विशिक्षकी आहेत. पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातील शिक्षकांच्या मासिक बैठकीत, ‘विद्यार्थ्यांमधील मानसिक लवचीकता’ (संकटातून सावरण्याची क्षमता) या विषयावर दोन तासांचे सत्र घ्यावे, अशी सूचना त्यांना मिळाली आहे. विषय सांगताच एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, “आमच्या वेळी छडी होती, म्हणून पोरे टणक निघाली. आताची पोरे शब्दाने कोमेजतात.” त्यावर एका तरुण शिक्षिकेने विचारले, “पाच महिने ऊसतोडीच्या फडावर झोपडीवजा कोपीत राहून, धाकटी भावंडे सांभाळून परत येणाऱ्या मुलीला आपण आणखी काय सोसायला शिकवायचे?” पत्रलेखिकेला दोघांनाही उत्तर देता आले नाही. सत्रासाठी जिल्ह्यातील एखाद्या नामवंत प्रेरक वक्त्याला बोलवावे, असे त्यांच्या मनात आहे. पण ऑनलाइन माहित्या भरून थकलेल्या शिक्षकांवर हे नवे ओझे लादणे योग्य होईल का, आणि दोन तासांत असे काही साधते तरी का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

त्या तरुण शिक्षिकेचा प्रश्न मी आधी घेते, कारण तुमच्या सत्राची दिशा त्याच्या उत्तरावर ठरणार आहे. मुलांना अधिक सोसायला शिकवणे हा प्रशिक्षणाचा हेतू असेल, तर ते प्रशिक्षण न झालेलेच बरे. दिवाळीनंतर आई-वडिलांच्या टोळीबरोबर गेलेली आणि चैत्राच्या आसपास परतलेली मुलगी पहाटेच्या थंडीत भावंडांना सांभाळून, पाणी भरून, अनोळखी मुलखात वावरून आलेली असते. सोसण्याची शक्ती तिच्यात कमी आहे, असे कोणीही म्हणू शकणार नाही. ती कोलमडते ती वर्गात आल्यावर. तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसलेली असते, पुस्तक पुष्कळ पुढे गेलेले असते, घरी ती गोरमाटी ही बंजारा बोली बोलत असेल तर पाच महिन्यांत शाळेतली मराठी जिभेवरून उतरलेली असते, आणि पहिल्याच दिवशी फळ्यापुढे उभे राहून हातच्याची वजाबाकी चुकल्यावर सगळा वर्ग हसतो. फडावर घर चालवायला हातभार लावणारी ही मुलगी त्या क्षणी स्वतःला निकामी समजू लागते. दुष्काळ, मुकादमाकडून घेतलेली उचल, ऊसतोडीची मजुरी यांतले काहीही शिक्षकाच्या हातात नाही, आणि ते तसे नाही हे सत्रात उघडपणे म्हटलेच पाहिजे. पण तो फळ्यापुढचा क्षण मात्र पूर्णपणे शिक्षकाच्या हातात आहे.

तुम्ही पत्रात नकळत एक गोष्ट गृहीत धरली आहे. लवचीकता हा मुलाच्या अंगचा एक गुण आहे, तो काहींत असतो, काहींत नसतो, आणि नसेल तर पाठ घेऊन तो भरून काढायचा असतो, असे तुमच्या मांडणीतून ध्वनित होते. या विषयातल्या सर्वांत दीर्घ अभ्यासांपैकी एक याच्या उलट सांगतो. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा वयाच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला लहानपणीच गरिबी, घरातले कलह, पालकांचे आजार अशी संकटे एकत्र आली होती. अशा मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले मोठेपणी सक्षम, आत्मविश्वास असलेली आणि इतरांची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात काय वेगळे होते, याचा शोध घेतल्यावर वारंवार एक गोष्ट पुढे आली. आई-वडील कमी पडले तरी आजी, मावशी, शेजारी किंवा शिक्षक यांपैकी निदान एखादे मोठे माणूस त्या मुलाच्या पाठीशी टिकून राहिलेले होते. आपल्यावाचून अडेल अशी एखादी जबाबदारी मिळालेली असणे, ही आणखी एक ठळक गोष्ट होती. या यादीत शिक्षकाचे नाव आहे, हे तुमच्या सत्रात आवर्जून सांगा. त्या शिक्षकांनी लवचीकतेचा पाठ घेतला म्हणून ती मुले सावरली नाहीत. शिक्षक आपल्याला ओळखतात आणि आपल्याकडून त्यांना काहीतरी अपेक्षा आहे, एवढे त्या मुलांना ठाऊक होते.

आता ज्येष्ठ गुरुजींकडे वळू. त्यांना कायद्याचा दाखला देऊन गप्प करणे सोपे आहे, कारण शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. पण गप्प झालेला माणूस पटलेला नसतो. त्यांच्या बोलण्यात एक त्रुटी आहे, ती त्यांना आदराने दाखवून द्या. छडी खाऊन टणक निघालेली जी मुले त्यांना आठवतात, ती शाळेत टिकलेली मुले आहेत. छडीच्या धाकाने दुसरी-तिसरीतच गुरांमागे गेलेली, ज्यांची नावे हजेरीपटावरून कमी झाली, ती मुले या आठवणीत साक्ष द्यायला येत नाहीत. आणि ज्या काळाविषयी ते बोलत आहेत, त्या काळी अनेक शिक्षक गावातच राहत, संध्याकाळी मुलाच्या घरी जाऊन बसत, त्याचे घर, शेत आणि अडचण ओळखत. मुलांना उभे केले असेल तर त्या ओळखीने, छडीने नव्हे. म्हणून त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी त्यांना सत्रात एक काम द्या: शाळा सोडायला निघालेले एखादे मूल त्यांनी कसे थांबवले, ते त्यांनी नाव न घेता दहा मिनिटे सांगावे. माझा अंदाज आहे की त्या कथनात छडी येणार नाही.

प्रेरक वक्त्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: बोलावू नका. त्यांच्या भाषणाने सभागृह भारावून जाईल, टाळ्या पडतील, आणि सोमवारी परिपाठ संपल्यावर वर्गात काहीही बदललेले नसेल. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी 1980 च्या दशकापासून शिक्षक-प्रशिक्षणाविषयी जे मांडले, त्याचे सार असे की केवळ सिद्धान्त ऐकून किंवा प्रात्यक्षिक पाहूनही वर्गातली वागणूक फारशी बदलत नाही. शिक्षकाने ते स्वतः करून पाहावे लागते, त्यावर कोणीतरी सांगावे लागते आणि नंतर प्रत्यक्ष वर्गात सोबत मिळावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. ते तास भाषणे ऐकण्यात जातात की सरावात, हे पुष्कळसे तुमच्यासारख्या केंद्रप्रमुखांवर अवलंबून असते.

याच संदर्भात आपल्या देशातला एक प्रयोग तुम्हाला माहीत असावा. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 70 हून अधिक माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम राबवला आणि त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेतले वातावरण सुधारणे आणि मुलांचे मानसिक आरोग्य जपणे हा त्याचा हेतू होता. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी चालवला, काही शाळांत तोच कार्यक्रम शाळेतल्या शिक्षकाकडे सोपवला. समुपदेशकांच्या शाळांत शाळेचे वातावरण लक्षणीय सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि गुंडगिरी कमी झाली. शिक्षकांकडे सोपवलेल्या शाळांत मात्र कार्यक्रम न राबवलेल्या शाळांहून वेगळे काही दिसले नाही. तिथली मुले नववीची होती, तुमची पहिली ते पाचवीची आहेत, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. तरीही मला त्यातून एक गोष्ट पटते: आधीच वाकलेल्या शिक्षकाच्या पाठीवर समुपदेशकाची दुसरी नोकरी ठेवली, तर दोन्ही कामे अर्धवट होतात. म्हणून तुमच्या शिक्षकांना नवा तास, नवी पुस्तिका किंवा नवा नमुना देऊ नका. ते रोज जे करतातच, त्यातला एखादा क्षण निवडा आणि तो वेगळ्या रीतीने हाताळायचा सराव द्या. तेवढ्यासाठी दोन तास पुरेसे आहेत.

पहिल्या सत्रासाठी मी चुकीच्या उत्तराचा क्षण निवडेन. समजा, चौथीतल्या एका मुलाने फळ्यावर 402 वजा 167 हे उदाहरण घेतले आणि उत्तर 365 लिहिले. हे उत्तर तुमच्या प्रत्येक शिक्षकाने कधी ना कधी पाहिलेले असेल: मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. शिक्षकाच्या तोंडून इथे सहसा दोन वाक्ये निघतात. एक, “हे तर दुसरीत झालंय, बस खाली.” दुसरे वरवर निरुपद्रवी वाटते, “बरं, बरोबर उत्तर कोण सांगेल?” पण त्या दुसऱ्या वाक्यानेही मुलाच्या हातचा खडू काढून घेतला जातो, आणि आपले अपयश म्हणजे दुसऱ्याची संधी, एवढेच तो शिकतो. तिसरा मार्ग असा: “मांडणी नीट केलीस, शतकाखाली शतक, एककाखाली एकक. आता एककाच्या घरात 5 कसे आले, ते मला सांगतोस?” मूल म्हणेल, “सातातून दोन गेले.” मग शिक्षकाला त्याची अडचण नेमकी कळते. खिशात दोन रुपये असताना सात रुपये कसे देशील, असे विचारले की दशकाकडे जायला हवे हे तो स्वतः ओळखतो, दशकाच्या घरी शून्य पाहून थबकतो, शतकाकडे जातो, आणि 235 पर्यंत पोहोचतो. याला तीन-चार मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात वर्गातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेले असते की चूक झाल्यावर माणूस फळ्याजवळच उभा राहू शकतो आणि तिथूनच पुढे जाऊ शकतो.

हे शिक्षकांना समजावून सांगू नका. त्यांच्याकडून करवून घ्या. तिघातिघांचे गट करा. एकजण मूल, एकजण शिक्षक, आणि तिसरा केवळ पाहणारा. मूल झालेल्याने खरोखर फळ्यापाशी उभे राहून चूक करावी, शिक्षक झालेल्याने आधी आपल्या नेहमीच्या सवयीने बोलावे, मग नव्या रीतीने, आणि पाहणाऱ्याने फक्त मूल झालेल्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर काय दिसले ते सांगावे. नंतर भूमिका बदलाव्यात. मोठ्या माणसांनाही इतरांसमोर चुकताना कसे वाटते, याचा अनुभव या सरावातून येतो, आणि तो आल्यावर पुढची चर्चा तुम्हाला फारशी चालवावी लागत नाही. सरावाची उदाहरणे शिक्षकांच्या वर्गांतूनच घ्या: कबड्डीत हरल्यावर रडत बाहेर बसलेला मुलगा, “मला येतच नाही” म्हणून वही मिटणारी मुलगी, मधल्या सुट्टीत मारामारी करून आलेले दोघे. सगळी उदाहरणे एकाच बैठकीत संपवण्याचा मोह टाळा. एका महिन्याला एक क्षण पुरे.

शाबासकीविषयीही थोडे बोलायला हवे, कारण अलीकडे प्रत्येक मुलाला ‘हुशार’, ‘ग्रेट’ म्हणण्याची पद्धत पडली आहे आणि तिलाच प्रोत्साहन समजले जाते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. पुढची कोडी अवघड निघाल्यावर हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर थांबली, त्यांचा रस कमी झाला आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही ती मागे पडली. या विचारावर आधारलेल्या छोट्या पाठांचा परिणाम पुढच्या मोठ्या अभ्यासांत माफकच आढळला, त्यामुळे त्याचा उदोउदो करायचे कारण नाही. तरी रोजच्या वापरासाठी एवढे घेण्यासारखे आहे की मुलाने नेमके काय केले ते शब्दांत सांगावे: “आधी उलटे लिहिलेले ‘ख’ तू स्वतःच खोडून सुलट केलेस.” लाल शाईच्या फुलीशेजारी असे एक वाक्य लिहायला फार वेळ लागत नाही.

आता त्या परतणाऱ्या मुलांविषयी, कारण तुमच्या तालुक्यात याहून महत्त्वाचे काही नाही. टोळ्या परतायच्या आधीच्या महिन्यातली शिक्षण परिषद केवळ याच विषयासाठी राखून ठेवा. मूल येण्यापूर्वी त्याची जागा आणि हजेरीपटावरचे नाव शाबूत आहे ना, त्याच्यासोबत बसेल असा जोडीदार ठरवला आहे ना, स्थलांतराच्या वेळी दिलेले शिक्षण हमी कार्ड कोणाकडे आहे, मूल जिथे गेले तिथल्या शाळेत बसले होते का, हे प्रत्येक वर्गशिक्षकाने आधीच पाहून ठेवावे. पहिल्या आठवड्यात त्याला फळ्यापुढे बोलावू नये. त्याला काय येते हे जवळ बसून, बोलत बोलत पाहावे. आणि येताच त्याला वर्गात एखादे खरे काम सोपवावे: वाचनपेटीतल्या पुस्तकांची नोंद, पोषण आहाराच्या वेळी पहिलीच्या मुलांच्या रांगेची देखरेख. त्याच्याकडे जिल्ह्याबाहेरच्या गावांची, वजनकाट्यावरच्या टनांची, कारखान्याच्या भोंग्याची माहिती असते, तिला भूगोलाच्या आणि गणिताच्या तासात जागा मिळाली तर फार चांगले. इथे एक धोका मात्र सांभाळा. लहान मुलीने केलेल्या कष्टांचे कौतुक करताना ते कष्ट योग्यच होते, असा अर्थ तिच्या किंवा तिच्या आई-वडिलांच्या मनात उमटू नये. तिची मोजमापाची समज वाखाणावी. तिचे शाळेबाहेर असणे वाखाणू नये. आणि पुढच्या हंगामापूर्वी, म्हणजे दिवाळीआधी, शाळा व्यवस्थापन समितीत हंगामी वसतिगृहाचा आणि आजी-आजोबांकडे मूल ठेवण्याचा विषय नव्याने काढावा. ते शिक्षकाच्या संवादकौशल्याहून वेगळे काम आहे. पहिले चांगले जमले म्हणून दुसरे सोडून देता येत नाही.

काही गोष्टी मायेने बोलून सुटत नाहीत, आणि त्या कोणत्या हे शिक्षकांना तितकेच स्पष्ट कळले पाहिजे. मूल अनेक दिवस कोणाशीच बोलत नसेल, जेवत नसेल, अंगावर वारंवार वळ दिसत असतील, स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल, तर वर्गशिक्षकाने एकट्याने मार्ग काढत बसू नये. मुख्याध्यापकांना आणि तुम्हाला कळवावे, 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर संपर्क साधावा. मानसिक आरोग्याच्या मार्गदर्शनासाठी ‘टेलिमानस’चा 14416 हा मोफत क्रमांक आहे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलाची माहिती त्यांना आवर्जून द्यावी. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘गावात चर्चा होईल’ म्हणून ते टाळता येत नाही. हे क्रमांक आणि ही जबाबदारी सत्राच्या शेवटी घाईत सांगू नका, त्यासाठी वीस मिनिटे राखून ठेवा.

शिक्षकांवरच्या ओझ्याविषयीचा तुमचा प्रश्न न्यायाचा आहे, आणि तो विचारल्याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. थकलेल्या शिक्षकांना ‘सकारात्मक राहा’ असे सांगणे अन्यायाचे आहे. त्यांचा थकवा हा त्यांच्या स्वभावाचा दोष नसून दोन शिक्षकांनी पाच वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी आणि एकच माहिती वेगवेगळ्या नमुन्यांत भरण्याचा तो परिणाम आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपू नयेत असे म्हटले आहे, पण प्रत्यक्षात काय घडते ते तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. सगळे तुमच्या हातात नाही. तरी वरून आलेली माहितीची मागणी शाळांकडे पाठवण्यापूर्वी ती माहिती तुमच्याकडे आधीच आहे का, हे पाहून तुम्ही शिक्षकांचे कितीतरी तास वाचवू शकता. ‘माहिती न दिलेल्या शाळा’ अशी नावांची यादी केंद्राच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याऐवजी त्या मुख्याध्यापकांना फोन करू शकता. शाळाभेटीच्या शेरेबुकात त्रुटी लिहिण्यापूर्वी वर्गात पाहिलेली एखादी नेमकी चांगली गोष्ट लिहू शकता. सर्वांसमोर खाली बसवलेला शिक्षक मुलाला फळ्याजवळ उभे ठेवण्याचे धैर्य कुठून आणणार? तुमच्या शिक्षकांना तुमच्याकडून जशी वागणूक मिळेल, तशी ती वर्गात पोहोचण्याची शक्यता मला कोणत्याही पुस्तिकेपेक्षा अधिक वाटते.

सत्रानंतर तुमच्याकडे छायाचित्रे आणि उपस्थितीचा अहवाल मागितला जाईल, तो द्याच. पण स्वतःसाठी वेगळ्या वहीत काही गोष्टी टिपत राहा: शाळाभेटीत चुकीच्या उत्तरानंतर त्याच मुलाला पुन्हा संधी मिळाली का, ‘मला कळले नाही’ असे किती मुले मोकळेपणी म्हणतात, आणि फडावरून परतलेली मुले पहिल्या आठवड्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही वर्गात दिसतात का. शिक्षकांची यासाठी परीक्षा घेऊ नका आणि शाळांची क्रमवारी लावू नका. दर महिन्याच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटे परिपत्रके बाजूला ठेवून कोणी काय करून पाहिले आणि कुठे अडले, एवढेच बोलू द्या. शक्य असेल तिथे दोन जवळच्या शाळांतील शिक्षकांनी एकमेकांचा एक तास पाहावा. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी त्या वहीतील नोंदी घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा, आणि पुढच्या वर्षी या विषयासाठी एका सत्राऐवजी वर्षभराच्या शिक्षण परिषदांतली ठरावीक वेळ मागून घ्या.